बोट लागते, प्रवाळ कसे पाहायचे?

प्रश्न : आम्ही नवरा-बायको पाठीवर सॅक टाकून ऑस्ट्रेलिया फिरतोय. केर्न्सहून ग्रेट बॅरिअर रीफला गेलो, पण हिला बोट लागली. दिवसभर उलट्या, पाण्यात उतरलीच नाही. पुन्हा जावे का?

उत्तर : जरूर जा, पण बाहेरच्या रीफला नको. तिथवर दीड-दोन तास बोटीत काढावे लागतात. त्यापेक्षा ग्रीन आयलंड गाठा. केर्न्सपासून 27 किलोमीटर, पाऊण तासाचा प्रवास. बेटच प्रवाळाच्या वाळूचे, त्यामुळे किनाऱ्यावरून चालतच पाण्यात उतरता येते.

बोट लागणे हा मनाचा कच्चेपणा नव्हे, हे पत्नीला आवर्जून सांगा. आतल्या कानाला हेलकावे जाणवतात, डोळ्यांना समोरची स्थिर केबिन दिसते; मेंदूला मेळ लागत नाही. म्हणून मोबाइल बंद, नजर क्षितिजावर, बसायचे बोटीच्या मधोमध. पोट रिकामे नको, तुडुंबही नको. निघण्याआधी तासभर बोट न लागण्याची गोळी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. वाऱ्याचा अंदाज पाहूनच तिकीट काढा.

या गोळ्यांनी झोप येते. स्कूबा करणार असाल किंवा दिवस गेलेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.