पडद्यावरची बथशेबा

शास्त्रपाठ : २ शमुवेल ११ व १२:१-१४; मत्तय १:६

सिनेमातील शृंगाराचा विषय निघाला की आपण शिक्षक 'असले पाहू नका' एवढे सांगून मोकळे होतो. पण मुले पाहतातच. आता तर हातातल्या मोबाईलवर पाहतात. २०२३ च्या कायदा-दुरुस्तीने 'यूए' दाखल्याचे ७, १३ व १६ वर्षे असे टप्पे झाले. परंतु दाखला वय सांगतो, पारख शिकवीत नाही. ती आपण शिकवली पाहिजे.

उदाहरणादाखल हेन्री किंग यांचा १९५१ सालचा 'डेव्हिड अँड बाथशीबा' हा हॉलिवूडचा चित्रपट घेऊ व शास्त्राशी ताडून पाहू.

१. दोष कोणाचा? चित्रपटातील बथशेबा कबूल करते की, राजाने आपल्याला पाहावे ही तिचीच इच्छा होती. शास्त्रात असे एक अक्षरही नाही. तेथे पाहणारा दावीद, विचारपूस करणारा दावीद, माणसे पाठवून तिला आणवणारा दावीद. नाथानाच्या दृष्टांतात ती गरिबाची कोकरी आहे. अपराध ती हिरावणाऱ्या श्रीमंताचा आहे.

२. ज्याचा घात झाला तो कोण? चित्रपटातील उरीया रुक्ष नवरा आहे, म्हणून प्रेक्षकाला व्यभिचार क्षम्य वाटू लागतो. शास्त्र त्याची निष्ठा दाखवते : सोबती रणांगणात उघड्यावर असता तो घरच्या सुखाला शिवत नाही.

३. भर कशावर? शास्त्र स्नानाचा उल्लेख एका वचनात आटोपते व परिणाम सविस्तर सांगते. पडद्यावर बहुधा उलट घडते. हा चित्रपट मात्र दाविदाचा पश्चात्तापही दाखवतो, हे मान्य केले पाहिजे.

शरीर व पतिपत्नीची प्रीती ही देवाची देणगी आहे. गीतरत्न त्याची साक्ष देते. पाप शरीरात नाही, माणसाला वस्तू समजण्यात आहे.

प्रियजनहो, उपदेश करताना आम्हीही कित्येकदा बथशेबेलाच मोहिनी ठरवले आहे. मंडळीतील एखाद्या मुलीवर प्रसंग ओढवला की 'तिचेच काही चुकले असेल' असे आपण म्हणतो. हे आपण शास्त्रातून खास शिकलो नाही. मत्तय प्रभूच्या वंशावळीत तिला उरीयाची बायको म्हणतो. दाविदाचा अन्याय तेथेही झाकलेला नाही.

वर्गात विचारा : या दृश्यात माणूस दिसला की नुसते शरीर? दोष कोणाच्या माथी मारला? ज्याची हानी झाली, त्याचे पुढे काय झाले?