विसर्जनानंतरचा सोमवार

मिरवणुकीचा शीण अजून अंगात होता. ८ सप्टेंबर २०२५, सोमवारची रात्र. बातमी आली की 'चॉक', 'डीबग' अशा १८ एनपीएम पॅकेजेसमध्ये घातक कोड शिरलाय. कोल्हापुरात आमचं छोटं ऑफिस आहे. गुळाच्या अडत्यांसाठी हिशेबाची सॉफ्टवेअर करतो. त्या रात्रीपासून जे उमगलं ते सांगतो.

१. आपण काय वापरतो, हेच आपल्याला ठाऊक नसतं. 'डीबग' आमच्याकडे नाही, असं मी ठामपणे सांगितलं. लॉकफाइल उघडली, तर ते होतंच, एका पॅकेजने ओढलेल्या दुसऱ्या पॅकेजच्या पोटात. आम्ही निवडलेली पॅकेजेस वीसेक, प्रत्यक्षात उतरलेली कित्येक शे. लॉकफाइलमधली आवृत्ती जुनी होती म्हणून बहुतेक मशीन वाचली. पण एकावर त्याच संध्याकाळी सगळं नव्याने इन्स्टॉल झालं होतं.

२. घाबरलेला माणूस आधी झाडू हातात घेतो. त्या मशीनवरचं पॅकेजेसचं फोल्डर मी पुसून टाकलं आणि वाटलं, सुटलो. मग नेमकी कुठली आवृत्ती उतरली होती, हे तपासायचा मार्गच उरला नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना ६ तासांत कळवायची असते, नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. मी पुरावाच पुसला होता. आता क्रम ठरलाय: मशीन नेटवर्कवरून तोडायचं, नोंदी उतरवून घ्यायच्या, दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून टोकन आणि पासवर्ड बदलायचे, आणि मगच पुसापुशी.

३. 'आपल्याला काही झालं नाही' हे फार लवकर म्हणू नये. तो कोड ब्राउझरमध्ये क्रिप्टोच्या व्यवहारातला पत्ता बदलायचा. आमचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण आठवडाभरातच 'शाय-हुलूद' नावाचा दुसरा घातक कोड आला. हा इन्स्टॉल होतानाच चालायचा, मशीनवरची टोकन शोधायचा आणि त्यांच्याच बळावर टोकनच्या मालकाच्या इतर पॅकेजेसमध्ये शिरायचा. तेव्हा आमची टोकन मोजायला बसलो. एक तर नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या नावावर अजून चालू होतं.

४. फसलेल्यावर रागावण्याआधी स्वतःचा इनबॉक्स आठवावा. 'चॉक'चा सांभाळकर्ता अनुभवी होता. दुहेरी पडताळणी अद्ययावत करा, अशा बनावट मेलने तो फसला. पण कळताच त्याने चूक उघडपणे कबूल केली. त्याच्या त्या वागण्याने मला बळ आलं. त्या रात्रीच्या दुसऱ्या दिवशी शाहूपुरीतल्या अडत्यांना मी स्वतः फोन करून काय घडलं ते सांगितलं. २०१८ साली कॉसमॉस बँकेवरच्या हल्ल्यात कोल्हापूरच्या एटीएममधूनही बनावट कार्डांनी पैसे निघाले होते, त्यामुळे 'मालवेअर' म्हणजे काय हे त्यांना समजवावं लागलं नाही. एक जण एवढंच म्हणाले, "आधी सांगितलासा, बरं केलासा."

५. फुकट मिळतं त्यामागे कुणीतरी दमलेला माणूस असतो. २०२४ मध्ये 'एक्सझेड' या फाइली आक्रसणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरच्या एकट्या सांभाळकर्त्याचा विश्वास दोनेक वर्षं कमावून कुणीतरी चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यांना लॉगिन अर्ध्या सेकंदाने रेंगाळताना दिसलं, आणि त्यांनी ते सोडून दिलं नाही म्हणून तो सापडला. इतकी वर्षं आम्ही नुसतं घेत आलो. आता नवी आवृत्ती आठवडाभर थांबून घेतो, आणि ज्यांच्या जिवावर जगतो त्यांतल्या दोन पॅकेजेसना दरमहा थोडे पैसे पाठवतो.

तुम्हीही आज लॉकफाइल उघडा. आणि सोडून गेलेल्या कुणाचं टोकन चालू आहे का, तेवढं बघा.