शुष्क मरवा : पाकातील उपयोग व साठवण

गणेशपत्रीत वाहिला जाणारा व वेणीत गुंफला जाणारा मरवा स्वयंपाकघरात मात्र क्वचितच शिरतो. भावप्रकाशात तो पुष्पवर्गात आला असून फणिज्जक, समीरण हे त्याचे पर्याय आहेत. तो तीक्ष्ण, उष्ण, लघु, अग्निदीपक, परंतु पित्तकर होय. म्हणून पारशिवनीच्या वैशाखात पित्तप्रकृतीच्या रुग्णास आम्ही तो सुचवीत नाही. वर्षाऋतूतील मंदाग्नीत वरणात वा ताकात चिमूटभर पुरे. ताज्याच्या एकतृतीयांश शुष्क पान घ्यावे व भांडे उतरविताना घालावे. उकळल्यास सुगंधी तैल उडते. गर्भिणीस औषधी मात्रेत देऊ नये.

खरी हानी साठवणीत होते. फुलोऱ्यापूर्वी खुडलेल्या फांद्या सावलीत वाळवाव्यात. कडक उन्हात वाळविलेला मरवा गवताच्याच मोलाचा. पाने अखंड, घट्ट झाकणाच्या गडद बरणीत, चुलीपासून दूर ठेवून ऐनवेळी चुरावीत. पावसाळ्यात पान चुरचुरीत न राहता मऊ पडले, तर बुरशीची शंका घ्यावी.

औषधालयांनी दवण्याशी होणारी गल्लत टाळावी. दवणा आर्टेमिसिया प्रजातीचा, त्याची पाने बारीक विभागलेली. मरव्याची लहान, अंडाकृती व अखंड कडांची. चूर्णात हा भेद डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तयार चूर्ण न घेता पानेच खरेदी करावीत.