पुरणे, पुरवणे आणि शाश्वतता

उद्दिष्टे
या पाठाच्या अध्ययनानंतर आपणांस 'शाश्वतता' या संकल्पनेचा दैनंदिन अर्थ सांगता येईल, तसेच तिचा समन्यायी वाटपाशी असलेला संबंध स्पष्ट करता येईल.

प्रस्तावना
भावी पिढ्यांच्या गरजांना बाधा न आणता आजच्या गरजा भागवणारा विकास तो शाश्वत विकास, अशी व्याख्या १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालाने रूढ केली. मात्र 'शाश्वत' हे विशेषण मराठीत प्रामुख्याने सत्य, सुख अशा अमूर्त नामांबरोबर येत असे. त्यामुळे ही संकल्पना घरच्या व्यवहारापासून दूरची वाटते. वास्तविक तो व्यवहार मराठीला जुनाच परिचित आहे.

विषय-विवेचन
माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांत 'पाणी पुरवून वापरा' ही सूचना कोणालाही समजते. 'पुरवणे' हे 'पुरणे' या क्रियापदाचे प्रयोजक रूप होय. काटकसरीत खर्च कमी करण्यावर भर असतो. पुरवून वापरण्यात उद्याचा दिवस गृहीत धरलेला असतो. आणखी एक बाब लक्षात घ्यावी. 'पाणी पुरते' एवढ्याने अर्थ पूर्ण होत नाही, 'कोणाला?' ही चतुर्थीची अपेक्षा शिल्लक राहते. 'शाश्वत' म्हणताना हा प्रश्न टाळता येतो, 'पुरते' म्हणताना टाळता येत नाही.

येरळेचे उदाहरण पाहू. खटाव तालुक्यात उगम पावून ही नदी सांगली जिल्ह्यातून वाहत ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. नदीपात्रातील वाळू पाणी धरून ठेवते. तिचा बेसुमार उपसा झाला की काठच्या विहिरी आटतात. १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यातील बलवडी-तांदुळवाडीच्या ग्रामस्थांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीने ठेकेदारांच्या उपशास विरोध केला. मर्यादित वाळू स्वतः विकून, श्रमदान करून त्यांनी 'बळीराजा धरण' उभारले. या धरणामागील तत्त्व विशेष महत्त्वाचे आहे: पाण्यावर हक्क प्रत्येक कुटुंबाचा, भूमिहीनांचाही, आणि अतिपाण्याच्या उसाला या पाण्यात स्थान नाही.

याच जिल्ह्यात कृष्णाकाठी उसाचे विस्तीर्ण मळे आहेत. म्हणजे घरातील गृहिणीने भांडी विसळलेले पाणी परसातील झाडाला घातले, तरी शिवारातील वाटपाचा प्रश्न सुटत नाही. तांब्याभर पाण्याचा विवेक पाटाच्या पाण्यालाही लागू व्हावा लागतो. अन्यथा पुरवून वापरण्याचा भार केवळ ज्यांच्याकडे आधीच कमी आहे, त्यांच्यावर पडतो.

सारांश
शाश्वतता म्हणजे केवळ संसाधन टिकवणे नव्हे. ते आज सर्वांना आणि उद्या येणाऱ्यांनाही पुरेल अशी व्यवस्था करणे होय. त्यात काटकसर आवश्यक आहे, परंतु न्याय्य वाटपावाचून ती अपुरी आहे.

स्वाध्याय
१. 'काटकसर करणे' व 'पुरवून वापरणे' यांतील अर्थभेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. बळीराजा धरणामागील पाणीवाटपाच्या तत्त्वाचे महत्त्व विशद करा.
३. आपल्या गावातील पाणी कोणाला पुरते व कोणाला पुरत नाही, याची आठ दिवस नोंद ठेवून टिपण लिहा.