जुन्या जर्सीची गोष्ट



मागच्या महिन्यात आपल्या शाळेच्या बास्केटबॉल संघातली मुलं-मुली माझ्या खोलीत आली. नव्या जर्सी 'रेट्रो' पद्धतीच्या हव्यात, अशी त्यांची मागणी होती. मोबाईलवर त्यांनी अमेरिकेतल्या कॉलेज संघांचे फोटो दाखवले. बिनबाह्यांची बनियनसारखी जर्सी, छातीवर कॉलेजचं नाव, खाली ठळक आकडा आणि आखूड चड्डी. तिथली कॉलेजं खास सामन्याच्या दिवशी असे जुने पोशाख पुन्हा घालतात. मी म्हटलं, "जरूर शिवू. पण आधी या जर्सीची गोष्ट ऐका." गोष्ट अर्धी झाली आणि घंटा वाजली. म्हणून ती इथे पूर्ण करतो. माझं शिक्षण हिंदी माध्यमातून झालेलं आहे, तेव्हा भाषेतली चूकभूल पदरात घ्यावी.

आधी एक गंमत. त्या जुन्या जर्सींवर ६, ७, ८ किंवा ९ हा अंक तुम्हांला सापडणार नाही. कारण सोपं आहे. फाऊल करणाऱ्या खेळाडूचा क्रमांक पंच हाताच्या बोटांनी दाखवत, आणि एका हाताला बोटं पाचच! म्हणून १४, १५, २५ चालत, पण १६ किंवा २७ नाही. कॉलेज सामन्यांत हा नियम २०२३ मध्ये सुटला.

आता मुख्य गोष्ट. हा खेळ जेम्स नायस्मिथ यांनी १८९१ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी सुरू केला. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणं घटनाबाह्य आहे, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये दिला. तरी दक्षिणेतल्या अनेक कॉलेजांच्या संघांत पुढची कित्येक वर्षं फक्त गोरेच खेळाडू होते. मिसिसिपी राज्यात तर कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या संघाशी खेळायचंच नाही, असा अलिखित दंडक होता. मिसिसिपी स्टेटचा संघ उत्तम होता, पण या दंडकापायी १९५९, १९६१ आणि १९६२ अशी तीन वर्षं त्याने राष्ट्रीय स्पर्धेत जाण्याचा हक्क सोडून दिला.

१९६३ मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष डीन कोल्वर्ड यांनी संघ पाठवायचं ठरवलं. विरोधकांनी न्यायालयातून मनाई हुकूम आणला. हुकूम हातात पडू नये म्हणून कोल्वर्ड आणि प्रशिक्षक बेब मॅकार्थी आधीच राज्याबाहेर निघून गेले, आणि खेळाडू दुसऱ्या दिवशी सकाळी विमानाने निसटले. १५ मार्च १९६३ रोजी मिशिगनमध्ये त्यांचा सामना शिकागोच्या लोयोला कॉलेजशी झाला. लोयोलाच्या सुरुवातीच्या पाच खेळाडूंत चार कृष्णवर्णीय होते. सामन्याआधी लोयोलाचा कर्णधार जेरी हार्कनेस, जर्सी क्रमांक १५, आणि मिसिसिपी स्टेटचा कर्णधार जो डॅन गोल्ड यांनी हात मिळवला. लोयोलाने सामना ६१-५१ असा जिंकला आणि पुढे विजेतेपदही मिळवलं. पण आज स्मरणात आहे ते हस्तांदोलन. २०११ साली गोल्ड वारले, तेव्हा हार्कनेस त्यांच्या अंत्यविधीला गेले. तिथे त्यांना त्याच क्षणाचा फोटो मांडलेला दिसला.

तीन वर्षांनी, १९ मार्च १९६६ रोजी, अंतिम सामन्यात टेक्सास वेस्टर्नची गाठ केंटकीशी पडली. केंटकीचा संघ पूर्ण गोरा आणि नामांकित होता. टेक्सास वेस्टर्नचे प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स यांनी सुरुवातीलाच पाच कृष्णवर्णीय खेळाडू उतरवले. अंतिम सामन्यात असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. बॉबी जो हिल याने सर्वाधिक २० गुण केले आणि सामना ७२-६५ असा जिंकला. आपण फक्त सर्वांत चांगले खेळाडू उतरवले, असंच हॅस्किन्स पुढेही सांगत राहिले.

तिसरी जर्सी २५ क्रमांकाची, व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या पेरी वॉलेसची. दक्षिणेतल्या साउथईस्टर्न कॉन्फरन्स या गटात मुख्य संघाकडून खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू. साल १९६७. बाहेरगावच्या मैदानांवर प्रेक्षक त्याला शिव्या देत. आणि स्वतःच्या कॉलेजात? कॉलेजजवळच्या एका चर्चमध्ये त्याला 'येऊ नकोस' असं सांगण्यात आलं. वॉलेस पुढे कायद्याचे प्राध्यापक झाले. २००४ मध्ये विद्यापीठाने त्यांचा २५ क्रमांक कायमचा राखून ठेवून त्यांचा सन्मान केला. म्हणजे हा सन्मान व्हायला साडेतीन दशकं लागली.

मुलांनो, वॉलेसची हकीकत वाचताना मला माझा स्वतःचा एक प्रसंग आठवतो. कॉलेजात असताना आमचा संघ बाहेरगावी गेला होता. एका सद्गृहस्थांनी सर्वांना घरी चहाला बोलावलं. सगळ्यांना स्टीलच्या पेल्यांतून पाणी आलं, आणि आमच्या एका मित्राला, त्याचं आडनाव विचारून झाल्यावर, वेगळा काचेचा ग्लास आला. आमच्या सर्वांच्या अंगावर एकाच रंगाची जर्सी होती. मी ते पाहिलं आणि गप्प बसलो. त्याने पाणी न पिताच ग्लास खाली ठेवला. परतीच्या बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत होता, आणि मी त्याच्या शेजारी जाऊन बसलोसुद्धा नाही. त्या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

म्हणून सांगतो, गणवेश अंगावर चढवायला दोन मिनिटं लागतात. मन एक व्हायला फार वेळ लागतो. मधल्या सुट्टीत कोण कोणाच्या डब्यातलं खातं, कोण कायम एकटं बसतं, हे मी व्हरांड्यातून पाहत असतो. पालकांनाही विनंती आहे की मुलाने मित्राचं नाव सांगितलं की लगेच आडनाव विचारू नये. विश्वस्त मंडळाने जर्सीच्या खर्चाला मंजुरी दिली आहे, त्याबद्दल आभार. जर्सी रेट्रोच शिवू, पण त्या घालून खेळणाऱ्यांनी डबाही एकत्र खायचा, ही माझी अट आहे.

विचार करा आणि वहीत लिहा :
१. मिसिसिपी स्टेटचे खेळाडू मनाई हुकूम असताना खेळायला गेले. त्यांनी बरोबर केलं का? कारण द्या.
२. वॉलेस संघात होता, तरी एकटा का पडला?
३. पेल्याच्या प्रसंगी मी काय करायला हवं होतं? मोकळेपणाने लिहा. चांगली उत्तरं पुढच्या अंकात छापू.

— तुमचे प्राचार्य