ग्रामण्य, प्रायश्चित्त आणि न पुसली जाणारी यादी

समाजमाध्यमांवरील सार्वजनिक निंदेची चर्चा होते तेव्हा हा प्रश्न नव्या यंत्राबरोबरच जन्माला आला असे बहुधा गृहीत धरले जाते. मराठी आत्मचरित्रपर वाङ्मयाच्या अभ्यासकाला हे गृहीतक मान्य होणे कठीण आहे. माणसाच्या एखाद्या कृतीचा तिच्या संदर्भापासून वेगळा काढलेला तुकडा चारचौघांत मांडायचा आणि त्या तुकड्यावरून संपूर्ण माणसाचा निवाडा करायचा, हा व्यवहार एकोणिसाव्या शतकातील पुण्याला चांगलाच परिचित होता. त्याला नावही होते : ग्रामण्य.

१८९० च्या ऑक्टोबरातील पंचहौद मिशनचे चहापान हे त्याचे सर्वज्ञात उदाहरण. गोपाळराव जोशी यांच्या पुढाकाराने मिशनमध्ये व्याख्यानासाठी शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली आणि व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी मान राखण्यापुरता पेला हाती घेऊन तसाच ठेवला, कोणी स्पर्शही केला नाही. पुढे 'पुणे वैभव' या पत्रात उपस्थितांची नावे प्रसिद्ध झाली. न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले ही नावे त्यांत होती. या प्रकरणाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः चहाकडे, म्हणजे भक्ष्याभक्ष्याच्या वादाकडे जाते. वस्तुतः लक्ष द्यावयास हवे ते यादीकडे. पिणारा, न पिणारा आणि केवळ पेला उचलणारा यांतील भेद यादी पुसून टाकते. शिवाय चहा घेतल्याने जे घडले नव्हते ते यादी छापल्याने घडले. त्या मंडळींपैकी अनेकांच्या खाजगी आचाराची कुणकुण शहराला आधी नव्हती असे थोडेच आहे! परंतु कुणकुणीकडे डोळेझाक करता येते, छापील नावाकडे येत नाही. आज एखाद्याच्या जुन्या मजकुराचे छायाचित्र, ज्याला सर्वत्र 'स्क्रीनशॉट' म्हटले जाते, हातोहात फिरते तेव्हा नेमके हेच घडत असते. गोपाळरावांचा हेतू धर्मरक्षणाचा नव्हता, गंमत पाहण्याचा होता, हेही साम्य विसरता येत नाही. निंदेचा आरंभ करणारा आणि ती मनापासून चालविणारे हे बहुधा वेगळे असतात.

यापुढे मात्र साम्य संपते. तक्रार शंकराचार्यांकडे गेली, चौकशी झाली, आरोपितांना बाजू मांडता आली, निर्णय झाला आणि प्रायश्चित्त सांगितले गेले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये ते घेतले. व्यवस्था अन्यायाची असली तरी तिला प्रारंभ होता तसा शेवटही होता. धर्मशास्त्राने ही बाजू किती काटेकोरपणे विचारात घेतली होती हे मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात दिसते. पतिताला जिवंतपणीच मृत मानून दासीने पाण्याने भरलेला घट पायाने लवंडायचा, हा बहिष्काराचा विधी. आज विवाहविच्छेदासाठी रूढ असलेला 'घटस्फोट' हा शब्द मूळचा याच विधीचा. पण त्याच ठिकाणी परतीचाही विधी सांगितला आहे. प्रायश्चित्त पूर्ण झालेल्याबरोबर आप्तांनी स्नान करावे, नवा घट पाण्यात सोडावा, आणि शुद्ध झालेल्याची पुढे कधीही निंदा करू नये. हे अखेरचे विधान विशेष महत्त्वाचे आहे. ते निंदकावर बंधन घालते. समाजमाध्यमांत क्षमायाचनेची जागा आहे, किंबहुना तिची मागणी सर्वांत आधी होते. परंतु ती स्वीकारण्याचा अधिकार कोणाकडेच नाही. त्यामुळे क्षमापत्र हा नवा पुरावा ठरतो आणि तेही मूळ मजकुराशेजारी कायमचे जाऊन बसते.

अर्थात जुन्या व्यवस्थेविषयी हळवे होण्याचे कारण नाही. प्रायश्चित्तानंतरही टिळकांच्या घरी धर्मकृत्यांसाठी भिक्षुक मिळण्याची पंचाईत झालीच. रानड्यांच्या बाबतीत तर प्रायश्चित्त हीच दुसरी मानखंडना ठरली. सनातन्यांनी चहाबद्दल बोल लावला होता, आता सुधारकांनी माघारीबद्दल लावला. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केल्यावर मुरूडच्या ग्रामस्थांनी घातलेला बहिष्कार 'आत्मवृत्ता'त (१९१५) नोंदलेला आहे. त्याची झळ एकट्या कर्व्यांपुरती नव्हती. त्यांना घरात घेतले तर भावाच्या कुटुंबालाही वाळीत टाकले जाईल, अशी ती योजना होती. परतीची वाट सर्वांना सारखी खुली नव्हती हेही स्पष्ट आहे. न्यायमूर्तींना जे प्रायश्चित्त उपलब्ध होते ते पाऊल चुकलेल्या विधवेला कोठे होते? जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून ही व्यवस्था केवळ ग्रंथांत उरलेली नाही हे दिसते. उलट, ज्यांना कोणतेच न्यायासन दाद देत नाही त्यांच्या हाती उघड दोषारोप हे एकमेव साधन उरते. २०१७ पासून 'मी टू' या नावाने झालेली स्त्रियांची निवेदने या दृष्टीने वाचावी लागतात. सत्ताधाऱ्याच्या अपराधाचा उच्चार आणि सामान्य माणसाच्या चुकीची धिंड यांना एकाच मापाने मोजणे ही पुन्हा यादीचीच पद्धत झाली.

विस्मरणाचा प्रश्न कायद्यापुढेही आला आहे. एका स्पॅनिश नागरिकाच्या थकीत देण्यासंबंधीच्या लिलावाची १९९८ मधील वृत्तपत्रीय सूचना त्याच्या नावाच्या शोधात वर्षानुवर्षे गूगलवर येत राहिली. युरोपीय न्यायालयाने १३ मे २०१४ रोजी तो दुवा शोधातून काढण्यास अनुकूल निर्णय दिला. वृत्तपत्राच्या दप्तरातील मूळ सूचना मात्र तशीच राहिली. म्हणजे न्यायालयाने स्मृती नष्ट केली नाही, तिच्यापर्यंतची वाट लांब केली. भारतात खाजगीपणाविषयीच्या २०१७ च्या निकालपत्रात न्यायमूर्ती कौल यांनी या हक्काचा विचार केला आहे आणि २०२३ च्या अधिनियमात वैयक्तिक माहिती दुरुस्त करून घेण्याचा व पुसून घेण्याचा हक्क आला आहे. तथापि हजारो हातांत पोहोचलेली प्रत कोणता अधिकारी पुसणार, हा प्रश्न राहतोच.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे एक वेगळा मार्ग दिसतो, आणि तो पुसण्याचा नाही. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० मध्ये, रानड्यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी प्रसिद्ध झाल्या. त्यांत प्रायश्चित्ताचा प्रसंग येतो. रमाबाई पतीचे वकीलपत्र घेत नाहीत. त्या निर्णयाने स्वतःला वाटलेले नवल आणि वैषम्य त्या लपवीत नाहीत. स्वतःसाठी नव्हे, तर मित्रांच्या घरची अडचण निवारण्यासाठी तो घेतला गेला, हे त्या प्रसंगाच्या ओघात येऊ देतात. यादीने नाव घेतले होते, आठवणींनी त्या नावाभोवतीचे घर, माणसे आणि संकोच परत आणले. या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली ती गोपाळ कृष्ण गोखले यांनी, ज्यांचे नाव वीस वर्षांपूर्वी त्याच यादीत छापले गेले होते.