पडद्यावरील मांडणी व आपली नोंदवही

सन २०२३ मध्यें दिवाळीची सुटी संपून शाळा भरली, त्या पहिल्याच आठवड्यांत इयत्ता नववींतील एक विद्यार्थिनी रडकुंडीस येऊन मजकडे आली. दोन तासिका खपून तिनें टंकित केलेला मराठी निबंध पडद्यावरून नाहींसा झाला होता, आणि तो साठविलेलाही नव्हता. भोंवतालचीं मुलें म्हणालीं, "सर, संगणक बंद करून पुन्हां चालू करा." मींही बटणाकडे हात नेला होता, तसें केलें असतें तर निबंध खरोखरच गेला असता. सुदैवानें डाव्या कोपऱ्यांतील 'ॲक्टिव्हिटीज' ह्या शब्दावर माझी टिचकी आधीं पडली, आणि निबंध शेजारच्या डेस्कटॉपवर सुखरूप असलेला दिसला.

हें कसें झालें तें पालकांसही कळावें म्हणून थोडें विस्तारानें सांगतों. आपल्या संगणककक्षांत लिनक्सवर आधारलेली डेबियन ही विनामूल्य प्रणाली आहे. प्रणालीचें आंतलें काम निराळें, आणि पडद्यावर खिडक्या, चित्रें व पट्ट्या मांडून दाखविणारें अंग निराळें. ह्या अंगास डेस्कटॉप एन्व्हायर्न्मेंट म्हणतात. आपल्या यंत्रांवर तें ग्नोम नांवाचें आहे. सुटींत मीं डेबियनच्या अकराव्या आवृत्तीच्या जागीं जून २०२३ मध्यें निघालेली बारावी चढविली. तिच्याबरोबर ग्नोमची ३.३८ आवृत्ति जाऊन ४३ आली. (मधले आंकडे कोठें गेले, असें एका मुलानें विचारलें. पुढील आवृत्ति ३.४० व्हावयाची, ती मार्च २०२१ मध्यें आरंभींचा तीन गाळून नुसती ४० म्हणून काढली, इतकेंच.)

जुन्या मांडणींत एकाहून अधिक डेस्कटॉप माडीप्रमाणें एकावर एक असत; नव्या मांडणींत ते चाळींतील खोल्यांप्रमाणें शेजारीं शेजारीं बसले. पूर्वीं कंट्रोल व आल्ट ह्या कळांसह वरचा बाण दाबला कीं मुलें वरच्या मजल्यावर जात. त्या मुलीनें संवयीनें तोच बाण दाबला. वर मजलाच उरला नव्हता. चूक तिची नव्हे. बदलाची नोंद मीं ठेवली नव्हती, ही चूक होती.

डेबियनचे कर्ते प्रत्येक आवृत्तीबरोबर 'रिलीज नोट्स' प्रसिद्ध करितात, व त्या मीं वाचल्याही होत्या. त्यांत ग्नोमच्या आवृत्तीचा ४३ हा आंकडा होता; मुलीचें बोट कोणत्या बाणावर जाईल हें त्यांत कसें असणार? मग एक यंत्र जुन्याच आवृत्तीवर राहिलें होतें, त्याच्या साहाय्यानें मीं संगणकाकडूनच नोंद करवूं पाहिली. डीकॉन्फ नांवाचें साधन आपल्या निवडी एका फाइलींत उतरवून देतें. जुनी व नवी अशा दोन फाइली डिफ ह्या आज्ञेनें ताडल्या असतां फरकाच्या ओळी निघतात. ओळी थोड्याच निघाल्या, तेव्हां बरें वाटलें. पण डीकॉन्फ आपण स्वतः बदललेलें तेवढेंच लिहितें. ज्यास कोणीं कधीं हात लावला नाहीं, तें मूळचें ठरलेलें असतें, आणि नवी आवृत्ति बहुधा तेंच बदलते. तें हवें असेल तर जीसेटिंग्ज ह्या साधनाकडून संपूर्ण लांबलचक यादी मागावी लागते. इतकें करूनही, उभी पट्टी डावीकडून निघून खालीं आडवी झाली, हें तींत सांपडत नाहीं. कारण ती निवड नव्हे, बांधणी होय.

येथें आपल्या गोदावरीचा दाखला घेऊं. पूर आला म्हणजे नाशिककर 'पाणी पुष्कळ चढलें' एवढ्यावर थांबत नाहींत. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यास लागलें, कमरेस लागलें, कीं गळ्यास, तें विचारतात. पाणी दर वेळीं निराळें, मूर्ति मात्र जागच्या जागीं. म्हणून दोन पुरांची तुलना होते. नोंद करणारा बहुधा बदललेल्या वस्तूंमागें धांवतो आणि अर्ध्या विसरतो. त्याऐवजीं न बदलणारीं कामें धरावीं. आम्हीं दहा कामें ठरविलीं: मराठी कळफलक घेणें, निबंध साठविणें, दुसऱ्या डेस्कटॉपवर जाऊन परत येणें, पडद्याचें चित्र घेणें, इत्यादि. डाव्या पानावर आज तें काम कसें करितों, कोणत्या कळेनें, कोणत्या कोपऱ्यांतून, तें लिहावयाचें; उजवें पान कोरें. आवृत्ति चढल्यावर तेंच काम करून उजवें पान भरावयाचें. फरक नसेल तेथें 'बदल नाहीं' असेंही लिहावयाचें. नाहींतर बदललें नाहीं कीं पाहिलेंच नाहीं, हें पुढें कळत नाहीं. आणि वही कागदाचीच हवी. पडदा उघडला नाहीं तर पडद्यावरील वही काय कामाची?

उबुंटूनें एप्रिल २०११ मध्यें युनिटी ही मांडणी मुख्य केली व ऑक्टोबर २०१७ मध्यें ग्नोमकडे परत फिरली. त्याच २०११ सालीं ग्नोमची तिसरी पिढी न रुचल्यानें कांहीं लोकांनीं दुसरीच पुढें चालविली व तिला आपल्याकडील आडनांवासारखें 'माटे' हें नांव दिलें. पडद्यावरील पट्ट्यांपायीं एवढा रोष कां, असें पूर्वीं मला हंसूं येई. आतां येत नाहीं.

ऑगस्ट २०२५ मध्यें डेबियनची तेरावी आवृत्ति निघाली. तींत ग्नोम ४८ आहे. ह्या वेळीं डावीं पानें नववीच्या मुलांनीं आधींच भरून ठेविलीं होतीं. उजव्या पानांवर पुष्कळ ठिकाणीं 'बदल नाहीं' असें आलें. डेस्कटॉप बदलण्याच्या कामापाशीं मात्र एका मुलाची लेखणी थांबली. ज्या 'ॲक्टिव्हिटीज' शब्दानें तो निबंध सांपडला होता, तो शब्दच कोपऱ्यांतून गेला होता. त्याच्या जागीं एक लांबट खूण व तिच्या शेजारीं बारीक ठिपका होता. मुलानें त्यावर टिचकी देऊन पाहिली, सारे डेस्कटॉप ओळीनें उघडले, आणि त्यानें उजव्या पानावर लिहिलें: 'शब्द गेला. खूण दाबावी.'